झाकणावरचे निखारे

जालना शहराच्या पूर्वेस मस्तगड आहे. गड म्हटले की डोंगर, चढण आणि तुटके कडे मनात येतात. येथे त्यांतले काही नाही. सपाटीवर उभी असलेली चौकोनी गढी, कोपऱ्यांना अर्धवर्तुळाकार बुरूज, आत एक मोठी विहीर आणि त्या विहिरीच्या पोटात सज्जे व दालने, असे याचे रूप. निजाम-उल्-मुल्क असफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखानाने ही गढी १७२५ साली बांधली. बांधणीचे साल नोंदविणारा फारसी शिलालेख तेथे आहे. आदल्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १७२४ रोजी, येथून फार लांब नसलेल्या साखरखेर्ड्याच्या रणात निजामाने मुबारिझखानाचा पराभव करून दख्खन आपल्या मुठीत घेतली होती. पुढे अनेक वर्षे या गढीत नगरपालिकेचे कार्यालय होते. जेथे तोफांचे हिशेब झाले तेथे नळपट्टीचे हिशेब झाले, एवढाच काय तो फरक.

परंतु गडाचा इतिहास सांगावा म्हणून आम्ही लेखणी उचललेली नाही. गडाच्या परिसरातील एका गल्लीत, एका ख्रिस्ती कुटुंबाच्या रात्रीच्या जेवणाला बसलो असता आमच्या हातून पूर्वी घडलेली एक चूक आम्हास उमगली. ती वाचकांपुढे कबूल करावी, हा या लेखाचा हेतू आहे. पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून इतरांचे ऐकण्याची आम्हाला सवय. स्वतःचे चारचौघांत सांगताना लेखणी थोडी अडखळते, ते वाचकांनी सांभाळून घ्यावे.

काही वर्षांपूर्वी याच त्रैमासिकात आम्ही मराठवाड्यातील ख्रिस्ती घरांच्या स्वयंपाकावर चार पाने लिहिली होती. त्यात एक वाक्य असे होते, की भाज्यांत सारण भरून त्या भट्टीत भाजण्याची रीत जालन्यास छावणीतल्या साहेबांनी आणि मिशनच्या बंगल्यांनी आणली, आणि आमच्या लोकांनी ती त्यांच्यापासून उचलली. लिहिताना ते वाक्य आम्हाला सरळ, निरुपद्रवी वाटले होते. जालन्याची लष्करी छावणी १८२७ साली वसली आणि १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटचे सैन्य तेथे होते. साहेबांच्या बंगल्यांत भाजीव पदार्थ होत. आमच्यातील काही घरांत असे पदार्थ आजही होतात. तेव्हा दोन आणि दोन चार, असा आमचा हिशेब. कागदपत्र पाहिले नाहीत, म्हाताऱ्या माणसांना विचारले नाही. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाने करू नये ती चूक आम्ही केली. एकामागून एक आलेल्या दोन गोष्टींत आम्ही कार्यकारणभाव पाहिला.

नाताळानंतरच्या आठवड्यात त्या घरचे आमंत्रण आले. पुण्याहून मुले, सुना, नातवंडे आलेली. घरात आजी ऐंशीच्या पुढच्या. थोरल्या सुनेने सर्वांसाठी भरलेल्या भाज्यांचा बेत केला होता: लहान जांभळी वांगी, टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. विजेचा ओव्हन पुण्याहून गाडीत घालून आणलेला. आम्ही बाहेरच्या खोलीत टेकलो तोच आजींनी विषय काढला.

“फादर, तुमी लिवलेलं नातीनं वाचून दाखवलं मला. ते खोटं हाय.”

आम्ही हसून विचारले, “काय खोटं आहे, आजी?”

“साहेबानं आमाला शिकवलं, ते. माझे आजेसासरे छावणीत बबर्ची व्हते. साहेबाला जेवू घालायचे ते. मंग शिकवलं कुनी कुनाला?”

घरातली तरुण मंडळी हसली. आजी हसल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितले त्याने आमचेही हसू विरले. सुनेच्या शाळेतील मैत्रिणी, शेजारीपाजारी, कुणी घरी जेवून गेले की म्हणत, “तुमचं जेवण बाई साहेबी.” बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसे. पण या मुलखात जन्मलेल्या, याच मातीत ज्वारी पिकवलेल्या घराला आपले ताट परके म्हणवून घ्यावे लागते. आणि आता त्यांच्याच धर्मगुरूने त्यावर छापील शिक्का उठविला होता. मराठी ख्रिस्ती माणसाला हे दुखणे नवीन नाही. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला, जालन्यास मिशन चालविले, सर सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचे गाव वसविले; १८७३ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत ते उभे राहिले ते डोक्यावर पागोटे घालून. ते प्रॉटेस्टंट पंथाचे, आम्ही कॅथोलिक. पण त्या पागोट्यावर आमचाही थोडा हक्क आहे असे आम्ही मानतो. धर्म घेतला म्हणून देश सोडला नाही, हे त्यांना साऱ्या सभेला न बोलता सांगता आले. आजींजवळ पागोटे नव्हते. त्यांच्याजवळ एक झाकण होते.

ते कसे बाहेर आले ते सांगितले पाहिजे. सुनेने भाज्या भरून ओव्हनमध्ये ठेवल्या आणि दहा मिनिटांत वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी येईल याचा भरवसा नव्हता. पंधरा माणसे भुकेली, भाज्या अर्ध्या कच्च्या. सून रडकुंडीस आली. आजींनी मागच्या दाराशी बांधून ठेवलेले पोते सोडायला लावले. त्या पोत्यात दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला द्यायचे सामान होते. जालन्यास भंगाराची किंमत कुणाला सांगायला नको. भंगार वितळवून सळया करणारे कारखाने या शहराचे मोठे पोट आहेत. त्या पोत्याच्या तळातून एक जाड, जड, गंजलेले लोखंडी झाकण निघाले. साध्या झाकणासारखे ते घुमटाकार नव्हते. ते सपाट होते, आणि त्याला चारी बाजूंनी दोन बोटे उंचीची कड होती. थोडक्यात, ते एक उथळ परातच होते, फक्त खालून पातेल्यावर घट्ट बसणारी.

आजींनी ते घासून घेतले. अंगणातल्या चुलीत लाकडे पेटवली, ती जळून निखारे होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. जाड बुडाच्या पातेल्याला आतून तेल फिरवले, भाज्या एकाच थरात मांडल्या, मळलेल्या कणकेची दोरी करून काठावर बसविली आणि वर झाकण दाबले. खाली निखारे थोडे, राखेने झाकलेले. वर मात्र लालबुंद निखाऱ्यांची भरगच्च रास. “खाली एक वाटा, वर तीन,” त्या म्हणाल्या. “खाली जास्ती झालं तर भाजी उकडती. वर जास्ती असंल तर भाजती.”

या एका वाक्यात सारी विद्या आहे. वांगे असो की टोमॅटो, त्याच्या अंगात पाणीच पाणी. खालून उष्णता दिली की ते पाणी पातेल्यात उतरते, त्याची वाफ होते आणि भाजी वाफेत शिजते. मऊ होते, चवीलाही बरी लागते, पण ती भाजलेली नव्हे. वरून कोरडी उष्णता पडली तरच वरचा भाग सुकतो, सारणातले तेल सुटते, तीळ आणि खोबरे तांबूस होते, गुळाचा पाक धरतो. भट्टी हेच करते. भट्टीला भिंती असतात, झाकणाला कड असते. उष्णता वरून आणण्याचे काम दोघांचे एकच.

पंचेचाळीस मिनिटांनी कणीक फोडली. वासाने मुले अंगणात गोळा झाली. आम्हाला पहिला घास घेतानाच कळून चुकले होते, की त्या वाक्याचे आता काही खरे नाही. तरीही एका जेवणावरून इतिहास ठरवायचा नाही, एवढे शहाणपण या वेळी आम्ही दाखविले. घरी परतल्यावर जे आधी करायला हवे होते ते केले. जुन्या नोंदी काढल्या.

पहिली गोष्ट भाजीत सारण भरण्याची. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. आजचा मराठवाडा त्या राज्यात होता. राजाच्या अन्नभोगाचे वर्णन करताना त्यात पोकळ केलेल्या वांग्यात मसाल्याचा खिमा भरून ते तेलात तळण्याची कृती येते. म्हणजे साहेब येण्याआधी सातशे वर्षे या भागात वांगे भरले जात होते. वांगे मूळचे याच उपखंडातले. त्याच्या नावाचा प्रवास तर ऐकण्यासारखा आहे. संस्कृतातून ते फारशीत बादिंगान झाले, अरबीत बादिंजान, स्पेन-पोर्तुगालात बेरिंजेला. आणि पोर्तुगीजांच्या तोंडून परत आपल्याकडे येऊन इंग्रजांच्या बोलीत ब्रिंजल झाले. घरचा मुलगा विलायतेला जाऊन नाव बदलून परत आला, आणि आम्ही त्याला पाहुणा समजलो.

भरण्याची कला मात्र एकट्या आपलीच, असा दावा आम्ही करणार नाही. तुर्की भाषेत भरणे या अर्थाच्या क्रियापदापासून दोलमा शब्द झाला आणि तो इराणपासून बाल्कनपर्यंत पसरला. तुर्कांच्या एका भरल्या वांग्याचे नावच मुळी ‘इमाम बेशुद्ध पडला’ असे आहे. पदार्थ इतका चविष्ट म्हणून तो पडला, की त्यात गेलेल्या तेलाचा खर्च ऐकून, याबद्दल तेथेही दोन मते आहेत. आमच्या धर्मगुरू बांधवांवरून असा एखादा पदार्थ निघाला नाही याचे आम्हाला समाधान वाटावे की खेद, ते ठरत नाही. इटली, स्पेनसारख्या कॅथोलिक देशांत मांस वर्ज्य असलेल्या उपवासकाळात भाज्यांत पावाचा चुरा, लसूण आणि पाला भरून त्या भाजीत. घरोघर भट्टी नसे, म्हणून पाव काढून झाल्यावर पाववाल्याच्या भट्टीत उरलेल्या धगीवर गावची ताटे लागत. वड्याचे तेल वांग्यावर, ही म्हण आपली. पण पावाची धग वांग्यावर, हा त्यांचा शिरस्ता.

दुसरी गोष्ट वरून धग देण्याची. येथे जालना पुन्हा मध्ये येते, आणि थोड्या थाटाने येते. ‘आईन-ए-अकबरी’चा कर्ता अबुल फजल दरबारापासून दूर असताना जालन्यास राहिला होता, असे इंपीरियल गॅझेटियर नोंदविते. त्याच्या त्या ग्रंथात बादशाही मुदपाकखान्याच्या कृती आहेत, वजनमापांसह. मांसाशिवायच्या पदार्थांत वांग्याचीही कृती आहे: दहा शेर वांग्यांना दीड शेर तूप, भरपूर कांदा, आले, लिंबाचा रस आणि मसाले, त्यात सहा ताटे होत. ती भरली वांगी नव्हेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्याच यादीत दमपुख्त आहे. दमपुख्त म्हणजे तोंड बंद केलेल्या भांड्यात दमावर शिजविणे, आणि दमाची रीत अशी की भांड्याचे तोंड कणकेने लिंपायचे आणि निखारे खाली तसेच झाकणावरही ठेवायचे. आजींच्या हातची कणकेची दोरी आम्हाला येथे भेटली.

अबुल फजलच्या भुकेबद्दल मोगल चरित्रकार जे लिहितात ते वाचून आम्हास थोडे हसू आले. पाणी आणि रस्सा वगळून तो रोज बावीस शेर अन्न खाई म्हणे, आणि त्याचा मुलगा पंगतीत उभा राहून कोणत्या ताटाला त्याने दुसऱ्यांदा हात लावला ते पाही. दख्खनच्या मोहिमेत एका मोठ्या तंबूत रोज एक हजार ताटे सरदारांसाठी लागत, आणि शेजारच्या तंबूत येईल त्याला जेवण. खिचडी दिवसभर शिजत असे. १६०२ साली दख्खनहून परत जाताना वाटेत त्याचा खून झाला. एवढी ताटे लागत तेथे स्वयंपाकी, मसालची, लाकूडतोडे किती लागले असतील, आणि त्यांतले किती या भागातलेच असतील, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पण दमाची रीत बादशहाच्या तंबूतून उतरून गावच्या चुलीपर्यंत यायला छावणीची वाट पाहावी लागली नसणार, इतपत अंदाज आम्ही बांधतो; आणि या वेळी तो अंदाज म्हणूनच सांगतो.

खरे तर मोगलांपर्यंतही जायला नको. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे त्या दिवशी पुन्हा ताटात येते. रोडगा गोवऱ्यांच्या आरात भाजतात, वांगे निखाऱ्यावर. रायगडाकडे हिवाळ्यात पोपटी लावतात: मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी भरून, भांबुर्डीचा पाला कोंबून, मडके उपडे घालून भोवती जाळ करतात. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोळे खाली-वर निखारे ठेवून होत असे. गोव्याच्या आमच्या बांधवांची बेबिंका तर झाकणावरच्या निखाऱ्यांवाचून होतच नाही. एकेक थर वरून भाजत न्यावा लागतो. नारळाच्या करवंट्या त्यासाठी राखून ठेवतात. वसईला पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत होते, त्यांनी पाव आणि पावाची भट्टी आणली हे खरे. पण ज्या मुलखाला रोडगा येत होता त्याला भाजणे परके नव्हते. परकी होती ती विटांची भट्टी आणि आंबवलेला पाव.

मग साहेबांनी काही दिलेच नाही काय? दिले. आजींचा रोष पत्करून हेही लिहिले पाहिजे. त्या रात्री पातेल्यात जे होते त्यातले टोमॅटो आणि ढोबळी मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या वनस्पती; पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या हातून त्या आपल्याकडे आल्या आणि छावण्यांच्या मळ्यांतून गावात पसरल्या. सारणातला शेंगदाणा हाही तिकडचाच. या भागात तो शेतात पसरला तो एकोणिसाव्या शतकापासून. तिखट मिरची तर पोर्तुगीजांच्या आधी कोणाच्या ताटात नव्हती. हे सारे काढून टाकले तर सारणात उरतात तीळ, कारळे, खोबरे, हरभऱ्याची डाळ, चिंच, गूळ, आले आणि मिरे. ते सारणही काही वाईट होणार नाही. एकदा करून पाहावे असे आम्ही सुनेला सुचविले, पण तिच्या चेहऱ्यावरून तो प्रयोग लांबणीवर पडला असे दिसते.

छावणीची खरी देणगी वेगळीच होती असे आम्हाला आता वाटते. हैदराबाद कंटिंजंटमध्ये शिपाई सारे हिंदी, इंग्रज अधिकारी मूठभर. त्या मूठभरांच्या स्वयंपाकघरात इंग्रजी हात नव्हते. ए. आर. केनी-हर्बर्ट या मद्रास घोडदळातील अधिकाऱ्याने ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने १८७८ साली पाककृतींचे पुस्तक काढले. १८८८ साली फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी साहेबांच्या बायकांसाठी घर चालविण्याचे जाडजूड पुस्तक लिहिले. ही पुस्तके मेमसाहेबांसाठी. चुलीपुढे मात्र हिंदी बबर्ची उभा. साहेबाला विलायतेसारखे भाजलेले हवे, बंगल्यात धड भट्टी नाही, तेव्हा बबर्चीने आपल्या घरची युक्ती पुढे केली: जाड पातेले, वर कडेचे झाकण, त्यावर निखारे. आजींचे आजेसासरे साहेबापासून पावाचा चुरा, चीज आणि टोमॅटो पोकळ करून भरणे शिकले असतील. पण वरून धग देण्याची कला ते घरूनच घेऊन गेले होते. १९०३ साली छावणी उठली. सैन्य गेले, साहेब गेले, बबर्ची मागे राहिला. तो परत आपल्या गल्लीत आला तो ते झाकण घेऊन. मालकी हक्काने, की शेवटच्या पगाराऐवजी, हे आजींना ठाऊक नाही. छप्पन्नचा दुष्काळ नुकताच सरलेला, रेल्वे १९०० च्या सुमारास जालन्यास आलेली. गाव उलथेपालथे होत होते. त्या वर्षांत एका बेकार आचाऱ्याने घर कसे चालविले असेल याची कल्पना करवत नाही. आजींच्या सासूबाई सांगत, की सणासुदीला लोकांच्या घरी जाऊन तो भरल्या भाज्या करून देई. म्हणजे साहेबी म्हणून आज हिणवला जाणारा पदार्थ याच गल्लीच्या लग्नकार्यांत, सर्व जातिधर्मांच्या पंगतींत वाढला जात होता.

येथे वांग्याविषयी एक आडकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. सून वांगी चिरीत होती तेव्हा देठ तसेच ठेवून चार चिरा देई आणि प्रत्येक वांगे उजेडाकडे धरून आत डोकावे. अळी पाहण्यासाठी. भरल्या वांग्यात अळीला लपायला जागा फार. या जालन्यातच बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी काढली. भेंडीच्या पुसा सावनी वाणाच्या बियाण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. याच कंपनीने शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारे बीटी वांगे तयार केले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या समितीने त्याला मान्यता दिली. मग सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यास स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ साली तेच वांगे स्वीकारले. या वादात पडण्याइतके ज्ञान आम्हाला नाही. शेतकऱ्याने फवारलेले विष आणि प्रयोगशाळेतून आलेले बी, यांतल्या कशाची भीती अधिक बाळगावी, हे आमच्या धर्मग्रामातले शेतकरीही एकमताने सांगत नाहीत. पण ज्या शहरात भारतातल्या वांग्याचे भवितव्य ठरू पाहत होते, त्याच शहरात वांगे भाजण्याची एक जुनी विद्या पोत्यात बांधून भंगारात चालली होती, हे मात्र आमच्या मनातून जात नाही.

विद्या गेली ती हळूहळूच. आधी रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस. चूल गेली तशी निखाऱ्यांची सोय गेली, आणि निखारे नसले की कडेचे झाकण नुसते ओझे. १९७०–८० च्या सुमारास मध्यमवर्गीय मराठी घरांत तो गोल, अॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला. पांढरा सॉस आणि किसलेले चीज घातलेल्या बेक केलेल्या भाज्या हळदीकुंकवापासून वाढदिवसापर्यंत मिरवू लागल्या. त्याच काळात पदार्थ पुन्हा ‘विलायती’ ठरला, कारण तो ज्या भांड्यात होई ते विलायती दिसत होते. ज्या सुनांनी तो मासिकांतून शिकला त्यांना आपल्या सासूच्या माळ्यावर त्याचे जुने यंत्र पडले आहे हे ठाऊक नव्हते. सासूलाही कुणी विचारले नाही. आम्हीही विचारले नव्हते.

म्हणून संपादकांना आमची विनंती आहे, की आमच्या त्या जुन्या लेखातील ते वाक्य मागे घेतल्याची नोंद या अंकात करावी. त्याजागी असे वाचावे: भाज्यांत सारण भरण्याची रीत या भागात साहेबांच्या कितीतरी आधीची आहे, वरून निखाऱ्यांची धग देण्याची रीतही जुनी आहे, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि पावाचा चुरा बाहेरून आले, आणि या सर्वांची सांगड जालन्यात ज्यांनी घातली त्यांत छावणीतला आपला एक बबर्ची होता, ज्याचे नाव त्याच्या घराबाहेर कुणी लिहून ठेवले नाही.

हा मजकूर छापण्यापूर्वी आम्ही तो आजींना वाचून दाखविला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. ‘मानसोल्लास’ आणि अबुल फजल यांचे त्यांना फारसे कौतुक वाटले नाही. बावीस शेरांच्या गोष्टीवर मात्र त्या बराच वेळ हसल्या. टोमॅटो पोकळ करून मीठ लावून पाव तास उपडे ठेवावेत, नाहीतर पातेल्यात तळे साचते, हे लिहायचे राहिले असे त्यांनी बजावले. ते येथे लिहिले. झाकणाचे काय ठरले, असे आम्ही विचारले. ते भंगारात गेले नव्हते. पुण्याच्या नातीने ते मागून घेतले होते, आणि जाताना तिने आजीला विचारले होते, की हे गॅसवर चालेल का.

“खाली गॅस चालंल,” आजी म्हणाल्या. “वर निखारंच लागतील. तुमच्या पुन्यात मिळत्यात का, ते आदी बघ, म्हन्लं तिला.”